साडेबाराचा कवडसा

दुपारच्या वेळी पत्र्याच्या खोलीत तुम्ही कधी आडवे पडला आहात का? पत्र्याला खिळ्याचे एखादे जुने भोक असते. त्यातून उन्हाची तिरीप खाली उतरते आणि जमिनीवर एक लहानसा उजळ गोल पडतो. हाच कवडसा. मांजराचे पिल्लू त्याच्यावर झडप घालते, धाकटी भावंडे त्याला मुठीत धरू पाहतात. पाहता पाहता तो सरकतो, भिंतीवर चढतो आणि नाहीसा होतो. तो का सरकतो, हे तुम्हांला ठाऊक आहे. पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून.

आता एक प्रश्न विचारतो. आज दुपारी बरोबर साडेबारा वाजता कवडसा जेथे पडला, तेथे खडूने खूण करा. उद्या बरोबर साडेबारा वाजता तो त्याच खुणेवर पडेल का? परवा? सहा महिन्यांनी?

याचे उत्तर पुस्तकात शोधण्याची घाई करू नका. ते तुमच्या घराच्या जमिनीवरच उमटते. मात्र त्यासाठी रोज एक, असे वर्षभर कवडशाचे छायाचित्र काढावे लागते. मी ते आटपाडीला, आमच्या घरी काढले. त्याच्या पुष्कळ आधी, तुमच्याएवढा असताना, हाच प्रयोग मी एकदा बिघडवलाही होता. दोन्ही हकिगती तुम्हांला सांगणार आहे.

कवडसा म्हणजे सूर्याचे चित्र

कवडसा गोल असतो तो भोक गोल असते म्हणून नव्हे. खात्री करायची असेल तर पुठ्ठ्याला बारीक त्रिकोणी भोक पाडा आणि उन्हात धरून त्याचा कवडसा लांबवर पाडा. तो गोलच पडेल. कारण कवडसा हे सूर्याचे चित्र आहे. सूर्याचा व्यास सुमारे १४ लक्ष किलोमीटर आणि आपल्यापासूनचे अंतर सुमारे १५ कोटी किलोमीटर. म्हणजे अंतर व्यासाच्या साधारण १०८ पट. हेच प्रमाण भोकाच्या अलीकडेही टिकते. भोक जमिनीपासून ३ मीटर उंच असेल आणि सूर्य माथ्यावर असेल, तर कवडशाचा व्यास पावणेतीन सेंटीमीटरांच्या आसपास भरतो. मोजून पाहा.

साडेबाराचीच वेळ का? आपली घड्याळे ८२.५ अंश पूर्व रेखांशावरची वेळ दाखवतात. आटपाडी जवळजवळ ७५ अंशांवर आहे. फरक साडेसात अंशांचा. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटे लागतात, म्हणून आटपाडीची मध्यान्ह सरासरीने ३० मिनिटे उशिरा, म्हणजे साडेबाराला होते. तुमच्या गावासाठी हेच गणित करा. रत्नागिरीची सरासरी मध्यान्ह साधारण १२ वाजून ३७ मिनिटांनी, तर नागपूरची १२ वाजून १४ मिनिटांनी येईल.

"सरासरीने" हा शब्द मी मुद्दाम वापरला. सगळी गंमत त्या शब्दातच आहे.

मामाच्या गावाला गेलेला सूर्य

१९९४ साली मी शाळेत होतो. आमच्या मागच्या खोलीच्या पत्र्याला खिळ्याचे भोक होते आणि खाली शहाबादी फरशी. विज्ञानाच्या सरांनी सांगितले होते, "वर्षभर एका ठरावीक वेळेला कवडशाची खूण कर. मग बघ काय दिसतंय ते." कॅमेरा आमच्याकडे नव्हता. आकाशवाणीच्या ठोक्यांवर घड्याळ लावायचे आणि साडेबाराला कवडशाच्या मध्यावर टिंब द्यायचे, असा माझा नेम होता. शाळेच्या दिवशी ते काम आई करत असे.

नाताळच्या सुट्टीत मी आणि आई मामाच्या गावाला गेलो. २४ ते ३१ डिसेंबर हे आठ दिवस बुडाले. परत आल्यावर फरशीवरची मोकळी जागा मला बघवेना. मी विचार केला: २२ डिसेंबरच्या सुमाराला सूर्य दक्षिणेच्या टोकाला असतो, तेथून तो हळूहळू उत्तरेकडे येऊ लागतो. तेव्हा कवडसा थोडा थोडा दक्षिणेकडे सरकला असणार. एवढे तर पुस्तकातच होते. मी पट्टी ठेवली आणि आठ टिंबे एका सरळ रेषेत मांडली. टिंबे इतकी सुबक आली की खऱ्या टिंबांपेक्षा तीच खरी वाटावीत.

१ जानेवारीला साडेबाराला खरा कवडसा पडला. तो माझ्या रांगेच्या पुढे पडायला हवा होता. पडला तो रांगेच्या बाजूला, सुमारे ६ सेंटीमीटर पश्चिमेला! मला वाटले, घड्याळ चुकले. घड्याळ पुन्हा लावले. दुसऱ्या दिवशी कवडसा आणखी थोडा पश्चिमेला. तेव्हा मी काय करायला निघालो होतो, सांगू? ती दोन खरी टिंबे पुसून, माझ्या रांगेला जुळतील अशी नवी मांडायला.

पुसण्यापूर्वी सर घरी येऊन गेले. वाकून फरशी पाहत त्यांनी विचारले, "काय रं, एकतीस तारखेच्या रातीला सूर्यानं उडी मारली व्हय?" मी गप्प. ते पुढे म्हणाले, "मामाच्या गावाला तू गेला हुतास, का सूर्य?"

ते रागावले नाहीत. त्यांनी ओला फडका मागितला आणि ती आठ टिंबे स्वतः पुसली. त्या जागी खडूने लिहिले, "गावाला." तो प्रयोग मी पुढे चालवला नाही. लाज वाटली. पण एक गोष्ट मनात पक्की बसली. मी जे कल्पनेने मांडले ते पुस्तकाला धरून होते आणि तरी चुकीचे होते. त्याहून वाईट म्हणजे त्या खोट्या टिंबांमुळे खरी टिंबे मला खोटी वाटू लागली होती.

३६५ चौकटींची वही

२५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी सुरू झाली. महाविद्यालय बंद होते, मी आटपाडीच्या घरी होतो. मागची खोली तीच, पत्रा मात्र नवा. ओळंबा सोडून मी नव्या पत्र्याच्या भोकाची बरोबर खालची जागा ठरवली. तेथून भोकाची उंची ३ मीटर भरली. फरशीवर दहा-दहा सेंटीमीटरच्या चौकटी रंगाने आखून घेतल्या. अशा चौकटी आखल्या की कॅमेरा रोज इंचभर इकडेतिकडे झाला तरी बिघडत नाही, कवडशाची जागा चौकटींवरून वाचता येते. माझा पुतण्या तेव्हा आठवीत होता. मोबाइलने छायाचित्र काढण्याचे काम त्याने मागून घेतले. कवडशाशेजारी तारीख आणि वेळ लिहिलेली चिठ्ठी ठेवायची, साडेबाराला छायाचित्र काढायचे आणि वहीतल्या त्या दिवसाच्या चौकटीत कवडशाचे मोजमाप लिहायचे. ३६५ दिवस, ३६५ चौकटी.

पहिला आठवडा उत्साहात जातो. तिसऱ्या आठवड्यात कंटाळा येतो, कारण कालचे आणि आजचे चित्र सारखेच दिसते. मार्चअखेरीस कवडसा रोज सव्वादोन सेंटीमीटरांच्या आसपास दक्षिणेकडे सरकतो, तेव्हा निदान फरक कळतो. मे-जूनमध्ये तो जवळजवळ थबकतो आणि रोज तेच चित्र काढतो आहोत असे वाटते. वर्षभराचे काम अशाच दिवसांत सुटते. घड्याळाकडेही लक्ष ठेवावे लागते. वेळ १ मिनिट चुकली तर कवडसा सव्वा सेंटीमीटर सरकतो, म्हणजे "जेवण झाल्यावर काढू" हे चालत नाही.

मग पावसाळा आला. आमचा माणदेश सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. ढग दाटून येतात आणि पुढे निघून जातात. पाऊस देत नाहीत, पण कवडसा मात्र नेतात. जुलै-ऑगस्टच्या पानांवर रिकाम्या चौकटी वाढू लागल्या. रिकाम्या चौकटीत कारण लिहायचे, असा नियम आम्ही केला होता. बहुतेक ठिकाणी "ढग" असे आहे. काही ठिकाणी "विसरलो" असेही आहे. तो शब्द लिहिताना हात अडखळतो, पण तोही लिहावा. कारणे लिहिल्यामुळे ती वही आटपाडीच्या दुपारच्या आभाळाचीही नोंदवही झाली. रिकामी चौकटसुद्धा काही सांगत असते, ती अशी.

२१ जून २०२०

या वर्षातला सर्वांत हवासा दिवस होता २१ जून. त्या रविवारी खंडग्रास सूर्यग्रहण होते. सकाळी दहाच्या सुमारास लागून दुपारी दीडच्या आसपास सुटणार होते. म्हणजे साडेबाराला ग्रहण चालू असणार आणि कवडसा सूर्याचेच चित्र असल्यामुळे तो चावा घेतलेल्या भाकरीसारखा दिसणार! शिवाय दिवस वर्षातला सर्वांत मोठा. असे चित्र पुन्हा कधी मिळणार?

बारा वाजल्यापासून आम्ही दोघे खोलीत बसून होतो. आभाळ भरलेले. साडेबारा वाजले. फरशी कोरी. बारा पस्तीस, कोरी. १२ वाजून ४१ मिनिटांनी ढग फाटला आणि फरशीवर अर्धवट खाल्लेला कवडसा लख्ख उमटला. पुतण्याने ओरडून छायाचित्र काढले. क्षणभरात पुन्हा ढग.

वहीसमोर बसल्यावर तो म्हणाला, "काका, चौकटीत हाच घालू की. अकरा मिनिटांनी काय बिघडतंय? चिठ्ठीवर तर साडेबाराच लिहिलंय."

खरे सांगतो, माझ्याही मनात तेच आले होते. मी त्याला फरशीवर नेले. अकरा मिनिटांत कवडसा सुमारे १३ सेंटीमीटर पूर्वेला गेला होता. २० जूनच्या आणि २२ जूनच्या जागा मोजल्या असत्या तर त्यांत काही मिलिमीटरांचाच फरक निघाला असता आणि मधले हे चित्र वीतभर नसले तरी चार बोटांहून कितीतरी लांब पडले असते. मग मी त्याला मामाच्या गावाची गोष्ट सांगितली. ती त्या घरात मी पहिल्यांदाच सांगत होतो.

त्याने वही ओढली आणि २१ जूनच्या चौकटीत लिहिले, "ढग." ग्रहणाचे चित्र वहीच्या शेवटच्या पानावर एकटेच चिकटवले. खाली वेळ लिहिली, १२.४१.

जमिनीवरचा आठ

२४ मार्च २०२१ रोजी शेवटचे छायाचित्र निघाले. सगळ्या जागा एका आलेखकागदावर मांडल्या आणि कागदावर इंग्रजी आठाचा आकडा उभा राहिला! उत्तर-दक्षिण लांबी सुमारे २ मीटर ९० सेंटीमीटर, रुंदी ४६ सेंटीमीटरांच्या आसपास. या आकृतीला अ‍ॅनालेमा म्हणतात.

आठ उभा का पसरतो, हे सोपे आहे. पृथ्वीचा अक्ष सुमारे २३.४ अंश कललेला आहे. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला असतो, तेव्हा कवडसा ओळंब्याच्या खुणेच्या उत्तरेला २ मीटर ६० सेंटीमीटरांपर्यंत जातो. जूनमध्ये सूर्य आटपाडीच्या माथ्याच्याही थोडा उत्तरेला असतो, तेव्हा कवडसा खुणेच्या दक्षिणेला ३० सेंटीमीटरांवर येतो. मधे दोनदा, १० मे आणि ३ ऑगस्टच्या सुमारास, मध्यान्हीचा सूर्य बरोबर माथ्यावर येतो. हे आमचे शून्यसावलीचे दिवस.

पण मग एक सरळ रेषा मिळायला हवी होती. आठाला रुंदी कोठून आली? कारण सूर्य घड्याळाप्रमाणे चालत नाही. एका मध्यान्हीपासून दुसऱ्या मध्यान्हीपर्यंतचा काळ नेहमी २४ तास नसतो. डिसेंबरअखेर तो ३० सेकंदांनी मोठा असतो, सप्टेंबरच्या मध्याला सुमारे २१ सेकंदांनी लहान. हे सेकंद साठत जातात. नोव्हेंबरच्या आरंभी सूर्य घड्याळाच्या सुमारे १६ मिनिटे पुढे असतो, तर फेब्रुवारीच्या मध्याला १४ मिनिटे मागे.

याची कारणे दोन. पहिले, पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे. जानेवारीच्या आरंभी पृथ्वी सूर्यापासून १४.७ कोटी किलोमीटरांवर असते, जुलैच्या आरंभी १५.२ कोटी किलोमीटरांवर. जवळ असताना ती कक्षेत वेगाने पुढे जाते. त्यामुळे सूर्य पुन्हा माथ्यावर आणायला तिला स्वतःभोवती थोडे जास्त फिरावे लागते आणि दिवस लांबतो. दुसरे कारण अक्षाचा कल. ताऱ्यांमधून सूर्य रोज सुमारे एक अंश सरकताना दिसतो. मार्च आणि सप्टेंबरमध्ये हे पाऊल तिरके पडते. त्याचा काही भाग उत्तर-दक्षिणेत खर्च होतो, पूर्वेकडे कमी सरकते, म्हणून दिवस लहान. जून आणि डिसेंबरमध्ये पाऊल सगळे पूर्वेकडे पडते, म्हणून दिवस मोठा. डिसेंबरात दोन्ही कारणे एकत्र येतात, जूनमध्ये एकमेकांविरुद्ध जातात. म्हणूनच आठाचे हिवाळ्याकडचे पोट मोठे आणि उन्हाळ्याकडचे लहान.

आता माझी १९९४ ची चूक उघड होते. डिसेंबरअखेर कवडसा दक्षिणेकडे तर सरकत होताच, पण रोज सुमारे ८ मिलिमीटर पश्चिमेकडेही जात होता. आठ दिवसांचे झाले ६ सेंटीमीटर. मला उत्तर-दक्षिण ठाऊक होते, पूर्व-पश्चिम ठाऊक नव्हते. म्हणजे निसर्ग मला जी नवी गोष्ट सांगणार होता, नेमकी तीच मी पट्टी ठेवून पुसून टाकली होती!

मोठ्यांच्या रिकाम्या चौकटी

असा आठ एकाच फिल्मवर पहिल्यांदा टिपला तो अमेरिकेतील डेनिस डी चिको यांनी. १९७८-७९ मध्ये खिडकीत कॅमेरा पक्का बसवून, सकाळी ठरलेल्या साडेआठच्या वेळी, त्यांनी वर्षभरात ४४ सूर्यबिंबे त्या एका फिल्मवर घेतली. एकदा कॅमेरा हलला असता की सगळे वर्ष वाया!

ग्रीनिचच्या वेधशाळेने तर १८७४ पासून १९७६ पर्यंत सूर्याच्या रोजच्या छायाचित्रांवरून डागांची नोंद ठेवली. इंग्लंडचे आभाळ तुम्ही ऐकून आहात. तेथे ढग असले की त्या दिवसाचे चित्र डेहराडून, मॉरिशस किंवा दक्षिण आफ्रिकेतील केप येथून घेतले जाई, पुढे आपल्या कोडाईकनालहूनही. कोडाईकनालची सूर्यचित्रे १९०४ पासूनची आहेत. महत्त्वाचे म्हणजे कोणत्या दिवसाचे चित्र कोठले, हे छापून ठेवलेले असे. या नोंदींवरून एडवर्ड आणि अ‍ॅनी मॉन्डर या दांपत्याने १९०४ च्या सुमारास सूर्यावरील डागांची प्रसिद्ध फुलपाखरासारखी आकृती काढली. डाग दर चक्रात सूर्याच्या विषुववृत्ताकडे कसे येत जातात, ते तिच्यात दिसते. एका दिवसाच्या चित्रात ते फुलपाखरू कोणालाही दिसले नसते.

आपल्या कवडशाला मात्र दुसऱ्या गावचे चित्र चालणार नाही. सूर्याचा चेहरा सगळीकडून सारखा दिसतो, कवडशाची जागा मात्र गावाप्रमाणे बदलते. रिकामी चौकट भरण्याचा एकच रास्ता मार्ग आहे: पुढच्या वर्षी त्याच तारखेला, वेगळ्या शाईने. तरीही ती जागा तंतोतंत तीच नसते. वर्ष ३६५ दिवसांहून पाव दिवसाने मोठे असते. मार्चमध्ये त्या पाव दिवसात कवडसा सुमारे ६ मिलिमीटर सरकतो. वेगळी शाई त्यासाठीच.

आता तुमची पाळी

पत्र्याचे घर नसले तरी अडत नाही. गच्चीवर किंवा अंगणात दिवसभर ऊन असेल अशा जागी एक सपाट फळी पक्की बसवा. तिच्यावर ३० सेंटीमीटर उंचीची सळई ओळंब्यात उभी करा आणि टोकाला लहानसा वायसर आडवा बसवा. त्याच्या भोकातून सावलीत उजेडाचा ठिपका पडेल. आमच्या आठाचा एक दशांश आठ, म्हणजे सुमारे २९ सेंटीमीटर लांबीचा, तुमच्या फळीवर मावेल. फळीवर एक-एक सेंटीमीटरच्या चौकटी आखा. पत्र्याला भोक पाडायचे असेल तर घरातल्या मोठ्यांकडूनच पाडून घ्या. आणि एक गोष्ट कधीही विसरू नका: सूर्याकडे थेट पाहू नका, कॅमेराही त्याच्याकडे वळवू नका. आपण सूर्याचे नव्हे, कवडशाचे चित्र काढणार आहोत.

शिक्षकांनाही एक विनंती. हे काम एका वर्गाने वाटून घेतले तर सुट्ट्या आड येत नाहीत. वही तपासताना मात्र भरलेल्या चौकटी मोजून गुण देऊ नका. रिकाम्या चौकटींतली कारणे आधी वाचा.

२१ जून २०२१ रोजी साडेबाराला आमच्याकडे ऊन पडले. पुतण्याने छायाचित्र काढले आणि हिरव्या शाईने जुन्या वहीत नोंद केली. "ढग" हा शब्द त्याने खोडला नाही, त्याच्या खाली लिहिले. कवडसा पूर्ण गोल होता.

सुरुवात कोणत्याही तारखेला करता येते, कारण आठाला आरंभही नाही आणि शेवटही नाही. तेव्हा १ जानेवारीची वाट पाहू नका. वहीत ३६५ चौकटी आखा आणि पहिल्या चौकटीवर आजची तारीख घाला.